बिनचुंबळीचा डगा

बुवांच्या उपरण्याला बिअरचा वास येत होता.

धुण्याच्या मशीनमध्ये टाकायला मी कपडे गोळा करत होतो. परक्याच्या घरी नुसतं पाहुणा म्हणून बसून राहणं मला जमत नाही, म्हणून हे काम मागून घेतलेलं. धोतर टाकलं, बंडी टाकली, उपरणं झटकलं आणि हात थबकला. पुन्हा नाकाशी नेलं. आंबूस, ओल्या पावासारखा वास. माझ्या वडिलांच्या अंगाला यायचा तो हातभट्टीचा, जास्त उग्र. पण दोन्ही वास एकाच कुळातले. या बाबतीत माझं नाक फसत नाही.

बुवा खिडकीशी पाठमोरे उभे राहून फेटा बांधत होते.

"बुवा, काल संध्याकाळी कुठं होतात?"

उत्तर नाही. फेट्याचे पेच तितक्याच शांतपणे चढत राहिले. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो आणि पुन्हा विचारलं.

"अरे, चर्चमध्ये. कोपऱ्यावरच्या. घटकाभर डोळे मिटून बसतो. देव काय, सगळीकडे एकच."

मी हातातल्या उपरण्याचा बोळा केला. काल संध्याकाळी भुरभुर सुरू झाली तेव्हा मी छत्री घेऊन त्याच चर्चमध्ये गेलो होतो. एक म्हातारी मेणबत्ती लावत होती. बाकी बाकं रिकामी होती.

धुंडिराजबुवा माखजनकर कोण, हे आमच्या संगमेश्वर-देवरुखकडे कुणाला सांगावं लागत नाही. उंच, शिडशिडीत, आणि आवाज असा की देवळाच्या शेवटच्या पायरीवर बसलेल्या चपला राखणाऱ्यालाही निरूपण कळावं. मी त्यांच्यामागे तबल्याला बसलो तो पंचविशीत. वडील दारूनं गेले त्याच वर्षी. घरातलं सुतक फिटल्यावर देवळात बुवांचं कीर्तन होतं आणि मी खांबाआड तोंड लपवून बसलो होतो. कीर्तन संपल्यावर बुवांनी मला पुढं बोलावलं, कपाळाला बुक्का लावला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मोरू, हातांना काहीतरी धरायला लागतंच. बाटली धरण्याआधी डगा धर."

माझ्या आयुष्यात जे काही सरळ उभं आहे ते त्या वाक्यावर. आणि आता ते वाक्य बोलणाऱ्या माणसाचं उपरणं माझ्या हातात होतं.

आम्ही म्युनिकला आलो होतो ते तिथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात कीर्तन करायला. हा सगळा खटाटोप ऋजुता पोंक्षेचा. पोर देवरुखची, लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून बुवांची कीर्तनं ऐकलेली. मंडळातल्या बाकीच्यांना ऑर्केस्ट्रा हवा होता. "कीर्तनाला इथली मुलं पाच मिनिटं बसणार नाहीत," असं म्हणणाऱ्यांशी ती भांडली. पेटी ती स्वतः वाजवणार होती. आमचा मुक्कामही तिच्याच घरी.

पोचलो त्या संध्याकाळी ती नि तिचा नवरा निखिल आम्हाला गाव दाखवायला घेऊन गेले. चर्च, चौक, घड्याळाचा मनोरा, आणि मग एक मोठं दार, आतून पितळी वाद्यांचा गजर.

"हा इथला बिअर हॉल, काका. नुसता बघायचा. इथले लोक बायकामुलांसकट येतात, आपल्याकडे जत्रेला जातात तसे."

"तुम्ही बघा. मी इथं पायरीवर बरा आहे," मी म्हणालो. दारूच्या दारात मी पाऊल ठेवत नाही.

बुवा हसले. "कीर्तनकारानं सगळं बघावं, मोरू. दृष्टांताला उपयोगी पडतं." आणि गेले आत.

बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते, पाणावले होते. मला वाटलं, आतल्या कोंदट हवेनं. ट्रॅममध्ये ते कुणाशी बोलले नाहीत. नुसती बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती.

त्यानंतर रोज संध्याकाळी बुवा एकटेच बाहेर पडू लागले.

आणि तालीम बिघडू लागली.

ऋजुतानं काळी एकचा सूर धरला, तर बुवा त्याच्या जरा खालीच लागले आणि तसेच गात राहिले, जणू पेटी त्या खोलीत नव्हतीच. सम आली, गेली. बुवा मागून आले. पूर्वी ते माझ्याकडे कधी बघत नसत. कीर्तनकाराचे डोळे श्रोत्यांसाठी असतात. आता ते माझ्या हातांकडे टक लावून बघत होते. आम्ही हसलो की क्षणभरानं हसत. ऋजुतानं, "बुवा, चहा आत्ता की नंतर?" असं स्वयंपाकघरातून विचारलं, तर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हो, हत्तीचंच आख्यान घेऊ."

दारू प्यायलेल्या माणसाच्या घरात मी मोठा झालोय. उशिरा येणारं उत्तर, उशिरा येणारं हसू, तारवटलेली नजर. मला यादी पाठ आहे.

शनिवारी सकाळी ऋजुतानं स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं.

"काका, खरं सांगाल?"

"काय गं?"

"बुवा घेतात का?"

मी दुधाच्या पातेल्याकडे बघत राहिलो.

"परवा निखिलच्या ऑफिसातल्या एकानं त्यांना त्या बिअर हॉलमधून निघताना बघितलं. धोतर नेसलेला माणूस या गावात दुसरा कोण असणार? मंडळात कुजबुज सुरू झालीये. तुमचं कीर्तन आहे की बिअरचं उद्घाटन, असं विचारलं मला एकानं." तिनं गॅस बारीक केला. "काका, उद्या पहिल्या चार रांगा लहान मुलांच्या ठेवल्यात मी. समोर असं काही झालं तर पुन्हा या गावात कीर्तन म्हणून कुणी उच्चारणार नाही. घेत असतील तर आत्ताच सांगा. बुवांना ताप आलाय म्हणून जाहीर करते. निदान अब्रू राहील त्यांची."

"संध्याकाळपर्यंत सांगतो," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीतच नाही?"

"संध्याकाळपर्यंत, म्हटलं ना."

दुपारी बुवा बाहेर पडले आणि मी त्यांच्यामागे. उन्हं स्वच्छ होती. कोपऱ्यावरच्या चर्चपाशी ते थांबले, चपला काढून दारातूनच हात जोडले, पुन्हा चपला घातल्या आणि थेट ट्रॅमच्या थांब्याकडे. कुठली ट्रॅम, कुठं उतरायचं, सगळं पाठ. सरावलेल्या माणसासारखे. मी मागच्या डब्यात चढलो. खिडकीत मला माझं तोंड दिसत होतं; लहानपणी वडिलांना गुत्त्यावरून आणायला जाताना असायचं, तसंच्या तसं.

त्या मोठ्या दाराशी मी थांबलो. बुवा आत गेले. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तसला उंबरठा ओलांडला.

आत देवळाच्या सभामंडपाएवढा हॉल, कमानींचं छत, काळ्या पडलेल्या लाकडाची लांबच लांब टेबलं नि बाकं. भर दुपारी शेकडो माणसं. कुणाच्या मांडीवर तान्हं मूल, कुणाच्या पुढ्यात मिठाचे खडे लावलेलं पावाचं वेटोळं. झालरीच्या झग्यातल्या बायका मुठीमुठीत चार-चार काचेचे मग पेलत, गर्दीतून वाट काढत होत्या. एका टोकाला बुटका लाकडी मंच. त्यावर कातडी चड्ड्या घातलेली वाजवणारी मंडळी, आणि त्यांत पिंपासारख्या पोटाचा एकजण अजगरासारखं अंगाला गुंडाळलेलं पितळी वाद्य फुंकत होता. टुबा म्हणतात त्याला, हे मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं की त्याच्या प्रत्येक फुंकरीसरशी जमीन हलतेय.

मंचाला खेटून जे पहिलं टेबल, तिथं बुवा बसले होते.

वाढणारी बाई आली, "गुरू!" म्हणून हसली आणि न विचारता फेसाळलेला मग त्यांच्यापुढं आदळला. बुवांनीही तिला हसून नमस्कार केला.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्यांच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो.

"बुवा!"

ते हलले नाहीत.

"बुवा, उठा! घरी चला!" मी ओरडलो. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली. बुवा नाही वळले. इतकी चढलीय, मला वाटलं, की आपलं नावसुद्धा ओळखू येईना.

मग माझी नजर खाली गेली. बुवांच्या चपला बाकाखाली नीट जोडून ठेवल्या होत्या, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा. दोन्ही अनवाणी तळवे फळ्यांवर सपाट टेकले होते. हाताचे पंजेही टेबलावर पसरलेले. पुढ्यातला मग तसाच भरलेला, फेस हळूहळू बसत चाललेला.

शेजारचा लालबुंद म्हातारा "प्रोस्ट!" म्हणाला आणि त्यानं आपला मग बुवांच्या मगावर असा ठणकावला की बचकभर बिअर उसळून बुवांच्या उपरण्यावर सांडली. नंतर त्यानं आपला मग रिकामा केला आणि अगदी सवयीनं बुवांचा मग पुढ्यात ओढून घेतला.

तेवढ्यात वाजप थांबलं. बुवांनी डोळे उघडले आणि मी त्यांना दिसलो.

"मोरू? तू? इथं?"

बिअरचा वास नाकात शिरत होता. खांद्यावरचा पंचा तोंडावर दाबून धरत मी विचारलं, "हे काय चालवलंय, बुवा? मला बाटलीआधी डगा धरायला सांगणारे तुम्ही—"

ते माझ्याकडे बघत राहिले. कपाळावर आठ्या, मान जराशी पुढं.

"हात काढ, मोरू."

"काय?"

"तोंडावरचा पंचा काढ. तू काय म्हणतोयस ते मला दिसत नाहीये."

मी पंचा खाली केला.

"बस," बुवा म्हणाले. बाकावर हात थोपटून त्यांनी मला जागा करून दिली. "आणि सावकाश बोल. ओठ नीट हलव. ओरडू नकोस, ओरडलास की तोंड वेडंवाकडं होतं, मग तर काहीच वाचता येत नाही."

"कधीपासून?"

"डावा कान गेला त्याला बरेच दिवस झाले. उजव्याचं चैत्रापासून. डॉक्टर म्हणाले, नस सुकतेय. यंत्र लावून बघितलं, नुसती खरखर." ते असं सांगत होते जसं दुसऱ्या कुणाच्या कानाबद्दल. "पेटी तर गेलीच. पेटीचं मला आता फक्त भात्याचं हलणं दिसतं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"तुला सांगितलं असतं तर तू वाजवताना माझ्यावर दया केली असतीस. दयेनं वाजवलेला ठेका फार वाईट असतो रे." ते हसले. मग टेबलावरून हात फिरवत म्हणाले, "त्या पहिल्या दिवशी या दारातून आत आलो. काही ऐकू येत नव्हतं. सगळी माणसं तोंडं उघडत-मिटत होती, माशांसारखी. भिंतीला टेकून चपलेतला खडा काढायला पाय बाहेर काढला, फळीवर टेकला, आणि मोरू, सम आली! तळव्यातून आली, गुडघ्यातून चढली, छातीत येऊन बसली. कित्येक महिन्यांनी. मी तिथंच रडलो."

"म्हणून रोज?"

"रोज शिकायला. पायानं सम धरायला शिकतोय. हा पोटवाला फुंकतो ना, तो माझा गुरू. आणि इथं नुसतं बसू देत नाहीत, काहीतरी मागवावं लागतं. मला दुसरं मागता येत नाही. हा शेजारी फार प्रेमळ आहे. तोच संपवतो."

शेजाऱ्यानं मला डोळा घातला.

"चर्चचं खोटं का सांगितलंत?"

"दारातून नमस्कार करतो रे रोज. अगदीच खोटं नव्हतं ते." मग त्यांनी माझा दंड धरला. "ऋजुताला सांगू नकोस. उद्याचं एक होऊ दे. फार भांडून बोलावलंय पोरीनं. नंतर मीच सांगेन सगळ्यांना. बहिरा म्हणून व्यासपीठावरून उतरवलं तर ठीक आहे, पण आधी एकदा त्यावर उभा तर राहू दे."

"आणि त्यांनी तुम्हाला दारुडा म्हटलं तर?"

"दारुड्याला निदान लोक पुन्हा एकदा बोलावतात, सुधारला का बघायला. बहिऱ्या कीर्तनकाराला कोण बोलावणार?"

मंचावर पुन्हा वाजायला लागलं. बुवांनी डोळे मिटले. मी खाली वाकलो, माझ्याही चपला काढल्या आणि पाय फळीवर ठेवले.

घरी आल्यावर ऋजुता दारातच उभी होती.

"काका?"

"थेंब घेत नाहीत. माझ्या गळ्यातल्या माळेवर हात ठेवून सांगतो."

"मग तिथं जातात कशाला? आणि उपरण्याला वास कसला?"

"शेजाऱ्यानं सांडली. आणि का जातात ते त्यांनी सांगायचं, मी नाही. तू मला एवढं सांग, उद्याचं व्यासपीठ कसलं आहे?"

"सिमेंटचं. वर गालिचा."

"नको. लाकडाचं पाहिजे. खालून पोकळ. गालिचा नाही, सतरंजी नाही."

"एका रात्रीत?" ती माझ्याकडे रोखून बघत होती. तिचा विश्वास बसलेला नव्हता, आणि का बसावा? "मुलांसमोर काही झालं ना काका, तर मी तुम्हाला जबाबदार धरीन. बुवांना नाही."

"धर."

निखिलनं कुठून तरी माल ठेवायच्या लाकडी चौकटी आणल्या आणि वर फळ्या ठोकल्या. रविवारी दुपारी हॉल भरला. मंडळाची मोठी माणसं मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसली होती. एकजण तर मुद्दाम बुवांच्या जवळून श्वास ओढत गेला.

तबला लावून झाला. मी डग्याखालची चुंबळ काढून पिशवीत टाकली. चुंबळ म्हणजे कापडाचं ते जाड कडं, ज्यावर डगा बसवतात. त्यानं डगा कलंडत नाही, आणि आवाज खाली जमिनीत जात नाही, हवेत राहतो. मी डगा उघड्या फळीवर ठेवला आणि दोन्ही बाजूंनी गुडघ्यांनी धरला.

"काका, चुंबळ राहिली," ऋजुता पुटपुटली.

"आज नको. आणि पेटीचं आज उलट करायचं. तू आधी सूर देऊ नकोस. बुवा लागतील, मग ते असतील तिथं तू जा."

"असं कुठं असतं का?"

मी डग्यावरून हात फिरवला. तिनं डग्याकडे बघितलं, फळ्यांकडे बघितलं, मग चिपळ्या घेऊन उभ्या असलेल्या बुवांच्या अनवाणी पायांकडे. तिथं तिची नजर बराच वेळ थांबली. मग तिनं पेटीखालची घडीची चादर ओढून काढली आणि पेटीही उघड्या लाकडावर ठेवली.

मी पहिली थाप दिली. बुवांच्या पायाची बोटं फळीवर पसरली, मूल आईचं बोट धरतं तशी.

नमन झालं. बुवा लागले; ऋजुतानं डोळे मिटून सूर शोधला आणि सापडला. पूर्वरंगाला मागची मंडळी अजून घडी घालूनच होती. मग बुवांनी हत्तीचं आख्यान काढलं. तळ्यात मगरीनं पाय धरलेला हत्ती. ते स्वतः हत्ती झाले, मगर झाले, पहिल्या रांगेतल्या एका मुलीची वेणी धरून तिचं कमळ केलं. पोरं खिदळली.

"मंडळी, या हत्तीला कान केवढे? सुपाएवढे! पण जाणकार सांगतात, लांबची हाक हत्ती कानानं ऐकत नाही. पायानं ऐकतो! जमिनीतून येते ती हाक. आणि देवानं धरवलं काय? ऐकायचा पायच धरवला मगरीकडून! आता हा ऐकणार कसा?" बुवा थांबले. हॉलमध्ये चिडीचूप. "तेव्हा तो म्हणाला, देवा, माझं ऐकणं संपलं. आता तू ऐक."

मी धुमाळीचा ठेका सोडून दिला आणि डग्यावर असा घुमारा काढला की गुडघे थरथरले. बुवा त्यावर उभे राहिले. सम आली, आणि ते माझ्याकडे न बघता, श्रोत्यांकडे बघत, नेमके तिच्यावर आले. मागच्या रांगेतल्या हाताच्या घड्या सुटल्या. टाळ्यांचा ठेका धरला गेला, तो मुलांनी उचलला, आणि पुढची मुलं मंचावर चढून फळ्यांवर पावलं थापू लागली. बुवा हसले. त्यांना तीही ऐकू येत होती.

आख्यान संपलं. बुवा पुढं वाकून पोरांच्या कपाळाला बुक्का लावत होते, आमच्याकडे पाठ करून.

मागून मंडळाचे अध्यक्ष आरतीचं ताट घेऊन आले. "बुवा, आरती."

बुवा पोरांतच.

"बुवा, आरती घ्या," ते मोठ्यानं म्हणाले. नाहीच. हॉलमध्ये हलकी कुजबुज उठली. अध्यक्षांनी भुवई वर करून ऋजुताकडे बघितलं. निरांजनाची ज्योत हलत होती. मी ऋजुताकडे बघितलं; तिनं माझ्याकडे, आणि मग डग्याकडे.

मी डग्यावर एकच थाप दिली.

"आलो, आलो!" म्हणत बुवा वळले.